बुलढाण्याच्या कचेऱ्यांतील कळांचा नाद

वऱ्हाडच्या इतिहासाची जी साधने आजवर छापून प्रसिद्ध झाली, त्यांत सनदा आहेत, महजर आहेत, जमाबंदीचे आकडे आणि लढायांच्या तारखा आहेत. परंतु हे कागद ज्या दालनांत लिहिले गेले तेथे लिहिताना कोणता आवाज होत असे, याची नोंद इतिहासकार सहसा ठेवीत नाहीत, आणि त्यांनी ती ठेवावी अशी अपेक्षा करणेही काहीसे अन्यायाचे होईल. तथापि ज्याचा अर्धा भाग अजिंठ्याच्या डोंगररांगेवर आणि उरलेला अर्धा पूर्णेच्या काळ्या मातीत पसरला आहे, आणि ज्याची माणसे आजही आपला मुलूख ‘घाटावरचा’ व ‘घाटाखालचा’ असा विभागून सांगतात, त्या बुलढाणा जिल्ह्याच्या कचेऱ्यांचा दीडशे वर्षांचा वृत्तान्त कानाने वाचू गेल्यास त्यात एक सूत्र आढळते. बोरू, तारायंत्र, टंकलेखन यंत्र आणि संगणकाचा कळफलक या साधनांपैकी प्रत्येकाने लिहिणाऱ्याच्या हाताला आपापल्या रीतीने पोच दिली. अक्षर दाखल झाले, आता पुढचे येऊ द्या, असे त्याने बोटांना वा कानांना कळविले. बारनिशीतील कारकून आलेल्या टपालाची पोच देतो तसलीच ही गोष्ट. आणि ज्या वर्षांत ती पोच मिळेनाशी झाली, त्या वर्षांत लिहिणारी माणसे अस्वस्थ झाली, असे आमचे निरीक्षण आहे.

लिहिण्याची परंपरा या जिल्ह्यास नवी नाही. अबुल फझलच्या ‘ऐने अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये मेहकरचे नाव येते, सिंदखेड हे तर लखुजी जाधवांचे ठाणे आणि जिजाबाईंचे जन्मस्थान. जेथे ठाणे तेथे दफ्तर, आणि जेथे दफ्तर तेथे देशपांडे, कुळकर्णी, फडणीस हे ओघाने आलेच. या मंडळींचे कागद मोडी लिपीत, बोरूने आणि हातकागदावर लिहिलेले असत. दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यात असा कागद होत असे आणि त्याची ख्याती मराठी दफ्तरांत सर्वत्र होती. मोडी लिहिणारा प्रथम कागदावर आडव्या रेघा ओढून घेई आणि मग त्या रेघांना अक्षरे टांगीत जाई. हात शक्यतो उचलायचा नाही हाच त्या लिपीचा धर्म असल्यामुळे तिच्यात अक्षरागणिक थांबा नव्हता. बोरूची करकर अखंड चाले आणि शाई संपली म्हणजे आपोआप बदले. कोरडा बोरू कागदावर कसा कुरकुरतो हे मुरलेल्या लेखकाला दौतीकडे पाहिल्यावाचून कळत असे. घासलेल्या काडीचा हा नाद मंद होता खरा, पण तो निरर्थक नव्हता.

१८५३ च्या तहान्वये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला, आणि त्यानंतर जिल्ह्यांच्या सीमा पुष्कळ काळ हलत्याच राहिल्या. मलकापूर, चिखली व मेहकर या तालुक्यांचा मिळून जो जिल्हा झाला त्याचे मुख्य ठाणे १८६७ मध्ये बुलढाण्यास आले. खामगाव आणि जळगाव हे तालुके १९०५ मध्ये अकोल्याकडून तोडून त्यास जोडण्यात आले. थंड हवेचे म्हणून साहेबांना आवडलेले घाटावरचे बुलढाणे हे कचेरीचे गाव झाले, आणि पैसा मात्र घाटाखाली, खामगावास राहिला. जिल्ह्याच्या स्वभावातील ही फाळणी अद्यापि पूर्णपणे बुजलेली नाही. यंत्राची पहिली कळ या जिल्ह्यात वाजली ती, माझ्या मते, कचेरीच्या नव्हे तर कापसाच्या निमित्ताने. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस इंग्लंडास मिळेनासा झाला तेव्हा वऱ्हाडच्या कापसास जो भाव आला त्याने खामगावचे रूप पालटले. १८७० मध्ये जलंबहून खामगावपर्यंतचा लोहमार्ग गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खुला झाला. फोल्कार्ट ब्रदर्स या स्विस पेढीसारख्या परदेशी पेढ्यांच्या आडती तेथे बसल्या. रुळांबरोबर तारेचे खांब आले, आणि लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याची मागणी तारेने वऱ्हाडात पोहोचू लागली.

तारायंत्राची कळ ही आजच्या संगणकाच्या कळेची खरी पूर्वज होय. टंकलेखन यंत्राची कळ नव्हे. हे विधान प्रथमदर्शनी विचित्र वाटेल म्हणून थोडे विवरण करतो. टंकलेखन यंत्रात बोटाचा जोर दांड्यांच्या साखळीतून थेट कागदापर्यंत जातो आणि तेथे अक्षर आपटतो. तारेच्या कळेत बोट फक्त एक विद्युन्मंडल पुरे करते, आणि पुढचे सारे काम वीज करते. संगणकाची कळही हेच करते. तारमास्तराच्या हाताखालची पितळी कळ दाबली म्हणजे दोन टोके भिडत, आणि दुसऱ्या स्थानकावरील यंत्रात लोहचुंबकाने ओढलेली पट्टी ‘कडकट्ट’ असा आवाज करी. आरंभीच्या यंत्रांत संदेशाचे ठिपके व रेघा कागदाच्या फितीवर उमटत असत. परंतु फितीकडे न पाहता नुसत्या आवाजावरून मजकूर उतरवून घेता येतो हे तारमास्तरांनीच आपल्या अनुभवाने सिद्ध केले, आणि मग फीत मागे पडून नुसता वाजणारा ‘साउंडर’ राहिला. अशा रीतीने आवाज हाच मजकूर झाला. सराईत तारमास्तराला पलीकडे कोण बसले आहे हे त्याच्या हाताच्या लकबीवरून ओळखू येत असे. हस्ताक्षर नाहीसे झाले तरी हाताची ओळख राहिली होती. भारतातील तारसेवा २०१३ च्या जुलै महिन्यात बंद झाली, तोवर साउंडर मात्र केव्हाच अडगळीत गेला होता.

आता टंकलेखन यंत्राकडे वळू. ख्रिस्तोफर लॅथम शोल्स या अमेरिकन गृहस्थाच्या यंत्राचे हक्क रेमिंग्टन या बंदुका व शिवणयंत्रे करणाऱ्या कारखान्याने घेतले आणि १८७४ पासून ते यंत्र विक्रीस आणले. या आरंभीच्या यंत्रांत एक गंमत होती, जी आमच्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे: अक्षरांचे दांडे रुळाच्या खालच्या बाजूवर आपटत, त्यामुळे लिहिलेली ओळ काही वेळाने रूळ वर सरकल्यावाचून लिहिणाऱ्याला दिसतच नसे. अक्षर उमटले की नाही, आणि दोन दांडे एकमेकांत अडकले की काय, हे त्याला केवळ कानाने आणि बोटाने ठरवावे लागे. समोरून आघात करणारे व लिहिलेले लगेच दाखविणारे अंडरवुडचे यंत्र १९०० च्या सुमारास लोकप्रिय झाले आणि डोळ्यांची सोय झाली. परंतु कळफलकाकडे न पाहता लिहिण्याची विद्या तोवर रुजली होती, आणि तिच्यात डोळे मूळ मसुद्यावर व कान यंत्रावर, अशी कामाची वाटणी कायम झाली.

त्या आवाजाचे पृथक्करण करून पाहण्यासारखे आहे. दुरून ऐकणाऱ्यास ‘टक्’ असा एकच ध्वनी वाटतो, परंतु त्यात निदान तीन ध्वनी मिसळलेले असतात: पोलादी ठशाने शाईच्या फितीवरून रबरी रुळावर केलेला आघात, त्याच क्षणी दातेरी चक्राचा एक दात सुटून कॅरेज एक घर पुढे सरकते त्याचा बारीक, धातूचा ‘टिक्’, आणि दांडा परत आपल्या घरात पडतो त्याचा मऊ आवाज. ओळ संपत आली म्हणजे घंटा वाजते, आणि मग लिव्हरला दिलेल्या धक्क्यासरशी कॅरेज करकरत मागे येते. कळ अर्ध्या इंचाहून अधिक खोल जात असल्यामुळे आणि तिच्या मागे बोटाचे सगळे बळ लागत असल्यामुळे प्रत्येक बोटाची कुवत कागदावर दिसे; करंगळीच्या वाट्यास आलेली अक्षरे पुसट आणि तर्जनीची ठसठशीत, हा नवशिक्याचा कागद दुरूनही ओळखू येई. शिवाय कचेरीत एका प्रतीने भागत नसे. मूळ प्रत, स्थळप्रत, संबंधितास नक्कल आणि वरिष्ठांस माहितीसाठी, अशा कार्बन घालून चार-पाच प्रती एका दमात काढायच्या म्हणजे शेवटच्या प्रतीवर अक्षर उठण्यासाठी कळ अक्षरशः हाणावी लागे. सरकारी टंकलेखकाचा हात जड असतो असे जे म्हणत त्याचे कारण त्याच्या स्वभावात नसून नकलांच्या संख्येत होते.

हे यंत्र इंग्रजीसाठी घडले होते. मराठीस ते जुळविताना जी कसरत करावी लागली तिने त्याचा नादच बदलून टाकला. यंत्रावर कळा ४४ ते ४६, प्रत्येक कळेवर दोन अक्षरे, म्हणजे फार तर ९२ चिन्हे. आणि देवनागरीच्या छापखान्यातील खिळे पाहू गेल्यास त्यांची संख्या शेकड्यांनी मोजण्याजोगी. खिळ्यांची ही संख्या घटविण्याचा खटाटोप टिळकांनी केसरीसाठी केला होता, सावरकरांनी ‘अ’चीच बाराखडी चालवून लिपिसुधारणेचा आग्रह धरला होता, टंकलेखन यंत्र करणाऱ्यांनी लिपी न सुधारता तिचे तुकडे करण्याचा मार्ग पत्करला. ख, घ, ण, भ, श यांसारख्या अक्षरांच्या कळेवर त्यांचा कान्याखेरीजचा भाग ठेवायचा आणि काना वेगळ्या कळेने जोडून अक्षर पुरे करायचे. म्हणजे एका अक्षरास दोन आघात. उकार, मात्रा, अनुस्वार यांच्या कळा मात्र अशा रचायच्या की त्या दाबल्या असता कॅरेज जागचे हलत नाही. ठसा थोडा डावीकडे सरकवून बसविलेला असल्यामुळे ती खूण आधीच्या अक्षराच्या डोक्यावर वा पायाशी जाऊन बसते. या कळांना ‘डेड की’ म्हणत. त्यांत आघाताचा आवाज होई परंतु पुढे सरकण्याचा ‘टिक्’ होत नसे. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे येत असल्यामुळे ती अक्षराच्या आधीच मारायची, मग उच्चार काहीही असो.

परिणामी इंग्रजी टंकलेखनाचा नाद जसा समगतीने चालणारा, तसा मराठीचा नव्हता. कोठे दोन आघात जोडून, कोठे एक आघात मुका, कोठे शिफ्टची कळ दाबल्याने सगळा संच वर उचलला जाण्याचा धप्प असा आवाज, आणि मग पुन्हा काही अक्षरे सरळ. शेजारच्या खोलीतून ऐकणाऱ्याला पडद्याआड मराठी मजकूर चालला आहे की इंग्रजी, हे एक शब्दही न पाहता सांगता येण्यासारखे होते. सरकारी वाणिज्य परीक्षेत इंग्रजी टंकलेखनाच्या पायऱ्या मिनिटास ३० शब्दांपासून ६० शब्दांपर्यंत जात आणि मराठीच्या ३० व ४० शब्दांवर थांबत, यात मराठी मुलांच्या बोटांचा दोष नाही. ज्यांना हे ठाऊक नाही ते आजही मराठी टंकलेखक मंद असल्याचा निर्वाळा देतात, आणि तो ऐकून मला खेद होतो.

१९०३ नंतर वऱ्हाड मध्यप्रांतास जोडला गेला आणि बुलढाण्याचा कागद नागपुरास जाऊ लागला. वास्तविक मुलूख नावाने निजामाचा, कारभार इंग्रजांचा, राजधानी नागपूर, आणि बोली वऱ्हाडी; चार धन्यांचा असा हा प्रांत विरळाच. इंग्रजी यंत्रे वरिष्ठ कचेरीत, मराठी कागद खाली हातानेच, ही व्यवस्था स्वातंत्र्यापर्यंत चालली. त्यानंतर १९५० मध्ये तेव्हाच्या मध्यप्रदेश राज्याने हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांना राजभाषेचा दर्जा देणारा कायदा केला. डॉ. रघुवीरांचा संस्कृत परिभाषेचा कारखाना नागपुरात याच काळात जोरात चालला होता, आणि बुलढाण्याच्या शिरस्तेदाराला ‘अर्ज’, ‘तगादा’, ‘रुजुवात’ या आजोबांपासून चालत आलेल्या शब्दांच्या जागी काय लिहावे याचा नवा घोर लागला. यंत्रांच्या बाबतीतही पेच होताच, कारण हिंदीसाठी केलेल्या कळफलकावर ‘ळ’ची आणि ‘वऱ्हाड’मधल्या ‘ऱ्ह’च्या अर्ध्या रकाराची निकड कोणास भासणार? ज्या प्रांताचे नाव धड टंकित करता येत नाही त्या यंत्रावर त्या प्रांताचा कारभार चालावा, हा विनोद त्या काळी कोणाला सुचला असल्यास त्याने तो वरिष्ठांसमोर केला नसावा.

याच राज्यातून टंकलेखन यंत्राच्या इतिहासातील एक महत्त्वाचा दावा उभा राहिला. अबकारी खात्याच्या आयुक्तांवरील तो फौजदारी खटला ‘हनुमंत विरुद्ध मध्यप्रदेश राज्य’ या नावाने सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९५२ मध्ये निकालात निघाला. मद्यार्काच्या एका कारखान्याच्या ठेक्यासंबंधीचा तो वाद. त्यात एका पत्रावर जी तारीख आहे त्या तारखेस ते लिहिलेच गेले नव्हते, कारण ज्या यंत्रावर ते टंकित झाले ते यंत्र त्यानंतर आले, असा सरकार पक्षाचा एक मुद्दा होता, आणि त्यासाठी तज्ज्ञाची साक्ष घेतली गेली होती. प्रत्येक यंत्राची अक्षरे झिजतात, एखादा ठसा किंचित तिरका होतो, एखाद्या अक्षराचा पाय तुटतो. त्यावरून यंत्र ओळखता येते हे तंत्रदृष्ट्या खरेच आहे. परंतु तेव्हाच्या पुरावा कायद्याचे ४५ वे कलम हस्ताक्षर व बोटांचे ठसे यांविषयीच्या तज्ज्ञमतास जागा देते, टंकलेखन यंत्राविषयीच्या मतास देत नाही, असे म्हणून न्यायालयाने ते मत अग्राह्य ठरविले, आणि आरोपी निर्दोष सुटले. त्या निकालातील ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाच्याच घटनापीठाने १९९६ मध्ये रद्द केली आणि असे मत ‘शास्त्र’ या सदराखाली घेता येते असे ठरविले. म्हणजे यंत्राला स्वतःचे हस्ताक्षर असते हे कायद्याने मान्य करीपर्यंत कचेऱ्यांतून ती यंत्रे निघून जाण्याची वेळ आली होती. न्यायाच्या दिरंगाईची उदाहरणे आपल्याकडे कमी नाहीत, पण हे त्यांतले एक शांत उदाहरण म्हणावे लागेल.

१९५६ मध्ये वऱ्हाड मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. त्याच वर्षी भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम झाला, आणि मराठी टंकलेखन यंत्र ही चैन न राहता गरज झाली. सुदैवाने यंत्र आता देशातच होऊ लागले होते: गोदरेज कंपनीने पहिले भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र १९५५ मध्ये तयार केले होते. रेमिंग्टन, फॅसिट, मद्रासकडचे हल्डा आणि गोदरेज ही चार नावे तालुक्याच्या गावातही ऐकू येऊ लागली. बुलढाणा, खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर येथे बाजारपेठेतल्या माडीवर वा गल्लीतल्या एखाद्या खोलीत टायपिंग इन्स्टिट्यूटची पाटी लागली, आणि जिल्ह्याच्या इतिहासात प्रथमच लेखनविद्या ही तासाप्रमाणे फी देऊन कोणत्याही जातीच्या, आणि हे अधिक महत्त्वाचे, कोणत्याही घरच्या मुलीला शिकता येईल अशी गोष्ट झाली. कुळकर्ण्याचा बोरू वतनाने मिळत असे. लिपिक-टंकलेखकाची जागा ‘मराठी तीस, इंग्रजी चाळीस’च्या प्रमाणपत्रावर मिळू लागली. माझ्या मते मोडीतून बाळबोधीत येण्यापेक्षाही हा पालट मोठा होता, परंतु त्यावर कोणी ग्रंथ लिहिल्याचे पाहण्यात नाही.

या संस्थांत कानाचे शिक्षण होई. दहा-पंधरा यंत्रे एकदम चालू असता शिकविणारा प्रत्येकाच्या मागे जाऊन उभा राहत नसे. त्याची गरजही नसे. आघात समान अंतराने पडतात की नाही, कोणी कळ दाबून धरतो आहे की मारून सोडतो आहे, कोणाचे कॅरेज घंटा होऊनही पुढेच चालले आहे, हे त्याला जागेवरून कळे. यंत्रायंत्रांतील भेदही विद्यार्थ्यांस पाठ असत: नुकते तेलपाणी झालेले यंत्र हलके आणि कोरडे वाजते, रूळ कठीण झालेले यंत्र कर्कश वाजते व कागदास भोके पाडते, स्प्रिंग सैल झालेल्या यंत्राचा दांडा आळसाने परत येतो आणि पुढच्या दांड्यात गुंततो. परीक्षेत कोणते यंत्र वाट्यास येईल यावर निकाल फिरू शके, म्हणून पुष्कळ उमेदवार आपल्या सरावाचेच यंत्र मिळावे यासाठी खटपट करीत. घाटाखालच्या उन्हाळ्यात शाईची फीत लवकर वाळे आणि खामगावच्या हवेतील कापसाचे तंतू दांड्यांच्या फटींत बसत; दुरुस्त करणारा माणूस रॉकेल व ब्रश घेऊन आला म्हणजे त्या फटींतून जिल्ह्याचे मुख्य पीक बाहेर निघे.

न्यायालय व तहसील यांच्या आवारात निंबाच्या सावलीत वा पत्र्याच्या शेडखाली मुद्रांकविक्रेते, दस्तलेखक आणि टंकलेखक यांची जी रांग बसे, तिचा नाद मात्र वेगळा होता. तेथे संस्थेतील तालबद्धता नसून मजकुरागणिक चढउतार असे. पक्षकार सांगतो, वकील मसुदा देतो, आणि टंकलेखक ‘सबब अर्ज’ येथपर्यंत न थांबता जातो, कारण तो मजमून त्याच्या बोटांना पाठ झालेला असतो. जमिनीचा गटक्रमांक आणि चतुःसीमा आल्या म्हणजे मात्र गती उतरते, कारण तेथे चूक झाल्यास पिढ्यान्‌पिढ्यांची भांडणे लागतात. मेहकरास वकिली करणारे ना. घ. देशपांडे यांचा पहिला काव्यसंग्रह १९५४ मध्ये ‘शीळ’ या नावाने निघाला. कचेरीच्या आवारात आयुष्य काढणाऱ्या माणसाचा कान किती सूक्ष्म असू शकतो याचे याहून चांगले प्रमाण जिल्ह्यात मिळणार नाही.

एक अपवाद येथेच नोंदविला पाहिजे. ज्या कागदावर या जिल्ह्याचे खरे जीवन अवलंबून आहे, त्या तलाठ्याच्या सातबाऱ्यात टंकलेखन यंत्र कधी शिरलेच नाही. गाव नमुना सात आणि बारा यांचे रुंद, आडव्या-उभ्या रकान्यांचे तक्ते कॅरेजमध्ये नीट बसणारे नव्हते, आणि फेरफाराच्या नोंदी, कंस व शेरे हे हातानेच घालण्याजोगे होते; म्हणून तलाठ्याचे दफ्तर बोरूवरून टाकावर, टाकावरून बॉलपेनवर, आणि तेथून मधली पायरी गाळून थेट संगणकावर गेले.

संगणक आला आणि प्रथम शांतता आली, पण ती पुरती नव्हे, कारण कळांचा आवाज गेला तरी ठिपक्यांनी छापणाऱ्या प्रिंटरची कर्णकटू खरखर तहसिलीत बरीच वर्षे ठाण मांडून होती. सामान्य संगणकासोबत येणाऱ्या स्वस्त कळफलकात प्रत्येक कळेखाली रबराचा एक घुमट असतो. कळ दाबली की तो पिचतो आणि खालचे पापुद्रे एकमेकांस भिडतात. कळ तळाला टेकेपर्यंत अक्षर घेतले गेले की नाही याचा बोटास भरवसा नसतो, आणि काही महिन्यांच्या वापराने रबर शिथिल झाले म्हणजे तोही अंदाज जातो. जुन्या टंकलेखकांनी या फळ्यांवर जो राग धरला त्याला नव्याशी जमवून न घेण्याची सबब म्हणून हिणवले गेले. वस्तुतः त्यांची तक्रार रास्त होती. हाताला मिळणारी पोच काढून घेतली होती, आणि तिच्याऐवजी डोळ्यांनी पडद्यावर पाहत राहा असे सांगितले जात होते. टंकलेखन यंत्राच्या सवयीने ते कळा हाणीत, आणि हाणण्याने रबर आणखी लवकर मरे.

कळेची ही पोच परत कशी द्यावी याचा विचार इतरत्रही झाला होता. आयबीएमचे अभियंता रिचर्ड हंटर हॅरिस यांनी अशी कळ योजली की तिच्या आतली स्प्रिंग दाबता दाबता एका बिंदूस अचानक बाजूला मुडपते आणि नेमक्या त्याच क्षणी अक्षराची नोंद होते. १९८५ च्या ‘मॉडेल एम’ या जाड, वजनदार कळफलकाचा खणखणीत आवाज हा त्या मुडपण्याचा आवाज होय. आवाज, बोटास जाणवणारी ढील आणि नोंद ही तिन्ही येथे एकाच क्षणी घडतात, म्हणून प्रामाणिकपणात या कळेचा हात कोणी धरणार नाही असे मला वाटते. चेरी या कंपनीच्या ‘एमएक्स’ कळांनी दुसरा मार्ग घेतला, आणि आज जगभर जी चर्चा चालते ती मुख्यतः याच घराण्याच्या रंगांची आहे. या सर्व कळा ४ मिलिमीटर खोल जातात व सुमारे अर्ध्या वाटेवर, २ मिलिमीटरच्या आसपास, अक्षर नोंदवितात. लाल कळ वरपासून खालपर्यंत सारख्या चालीने जाते. तिला सुमारे ४५ ग्रॅमचा दाब पुरतो आणि ती बोटास काहीच सांगत नाही. तपकिरी कळेत वाटेवर एक लहानसा उंचवटा आहे, तो ओलांडल्याचे बोटास समजते पण कानास नाही. निळ्या कळेत आतला एक सुटा तुकडा त्या बिंदूस खाली झेपावून ‘क्लिक्’ असा उघड आवाज करतो, आणि तिला दाबही थोडा अधिक लागतो. लाल कळ खेळ खेळणाऱ्यांना प्रिय आहे, आणि त्यांनी तिचे कौतुक खुशाल करावे. परंतु ज्याला दिवसभर दुसऱ्याचा मसुदा डोळे न हलविता उतरवायचा आहे त्याने तिच्या वाटेस जाऊ नये. तपकिरी कळ मला नेहमीच मध्यस्थाच्या उत्तरासारखी वाटत आली आहे: होयही नाही आणि नाहीही नाही.

युरोप-अमेरिकेत अशी पोच देणारी कळ ही हौसेची, संग्रहाची आणि खर्चाची बाब झाली; आपल्याकडे ती गाजावाजा न होता कचेरीच्या टेबलावर आली. ‘टीव्हीएस गोल्ड’ या नावाचा जो लांबट, साधा, बिनशोभेचा कळफलक देशभरच्या बँका, बिलिंगची काउंटरे, आरक्षणाच्या खिडक्या आणि परीक्षाकेंद्रे यांतून वर्षानुवर्षे खडखडत आला, त्याच्या पुष्कळ फळ्यांत चेरीच्या निळ्या कळाच बसविलेल्या असत, आणि तो वापरणाऱ्या बहुतेकांना त्या कळेचे नाव ठाऊक नव्हते. त्यांना ठाऊक होते ते इतकेच की तो मोडत नाही आणि त्याच्यावर हात चालतो. आजही शासकीय नोकरीच्या टंकलेखन चाचणीस बसणारा उमेदवार, तो मलकापूरचा असो की लोणारचा, याच फळीवर सराव करावयास मिळावा म्हणून धडपडतो. टंकलेखन यंत्राशी तुलना करता निळ्या कळेचा आवाज पातळ आहे, त्यात रुळाचा गंभीर ठोका नाही, कॅरेज नाही, घंटा नाही. दाब यंत्राच्या मानाने अगदीच किरकोळ आहे. शिवाय तिचा ‘क्लिक्’ हा त्या सुट्या तुकड्याचा आहे, अक्षराचा नव्हे, ही तिची किंचित लबाडी म्हणता येईल. तरीही रबराच्या मौनानंतर ती आली म्हणून जुन्या हातांना ती आपली वाटली.

गोदरेजने टंकलेखन यंत्रांचे उत्पादन २००९ मध्ये थांबविले. साताऱ्याकडील शिरवळच्या कारखान्यात शीतकपाटे होऊ लागली, आणि १९५५ पासूनचा तो उद्योग संपला. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची यंत्रावरील टंकलेखन परीक्षा त्यानंतरही काही वर्षे रेंगाळली आणि २०१७ च्या सुमारास संगणकावरील परीक्षेने तिची जागा घेतली. माड्यांवरच्या संस्थांनी यंत्रे भंगारात विकली वा गच्चीवर ताडपत्रीखाली ठेवली आणि पाटी तीच ठेवून आत संगणक मांडले.

यंत्र गेले, पण त्याचा कळफलक गेला नाही. १९८६ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने सर्व भारतीय लिपींसाठी ‘इन्स्क्रिप्ट’ ही नवी मांडणी सिद्ध केली, जिच्यात डावीकडे स्वर व उजवीकडे व्यंजने अशी वर्णमालेची शिस्त आहे आणि अक्षर जसे उच्चारावे तसेच मारावे लागते. राज्य शासनाचा आग्रहही तिचाच आहे. परंतु जुन्या संस्थांत शिकलेल्यांनी रेमिंग्टनची मांडणीच पुढे नेली, आणि त्यांनी शिकविलेल्यांनी ती त्यांच्यापासून घेतली. म्हणून चिखलीच्या वा देऊळगाव राजाच्या कचेरीत ज्याने टंकलेखन यंत्र कधी हातात धरलेले नाही असा एखादा तरुण लिपिक आजही ‘विनंती’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी मारतो आणि ‘व’ नंतर. आणि ‘खामगाव’ लिहिताना ‘ख’ला अर्धा ठेवून त्यास वेगळा काना लावतो, मग दीर्घ आकारासाठी तीच कळ पुन्हा एकदा दाबतो.